सरावाची लाइन

१२ मार्च, गुरुवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही पंचवीस तारखेला आईंना न्यायला येताय, परतीची दोन तिकिटं काढून झालीत आणि त्यांच्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी केलीत, सगळं कळलं. इकडे सर्व ठीक. तुमचे दादा ठीक. आई तर फारच ठीक, सध्या या घरात सगळ्यांत ठणठणीत त्याच आहेत.

अक्षराकडे लक्ष देऊ नका. टेबलाचा एक पाय आखूड झालाय आणि लिहिताना ते डुगडुगतं.

मी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, ते साहजिक आहे. पण वन्सं, खरं सांगू का, फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही. मी 'आई' म्हणते तोवर तुम्ही आईंच्या गुडघ्यावर पोचलेल्या असता. पत्रात मला अडवता येणार नाही, म्हणून पत्र. जरा लांबेल. रोज थोडं थोडं लिहिते आहे, त्यामुळे मध्येच शाई बदलली तर नवल करू नका.

मुद्द्याचं आधी लिहिते. आईंना न्यायला येऊ नका. म्हणजे या, चांगल्या आठ दिवस राहा, पण परतीचं एकच तिकीट ठेवा.

'घेऊन जा' असं मीच लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवतंय. तुम्ही माझं ते पत्र जपून ठेवलं असणार आणि आता चष्मा लावून शोधायला उठलाही असाल. बसा. त्यात मी लिहिलं होतं की आम्ही दोघं दिवसभर कामावर, आई दुपारभर घरात एकट्या, चौथा मजला, लिफ्टचा भरवसा नाही, काही झालं तर कोण आहे? आता माझं मत बदललंय. तुमच्याकडची हवा दमट आहे. आईंची ट्रंक बाकाखाली मावायची नाही. आणि त्यांचे दाताचे डॉक्टर इथे आहेत.

ही कारणं लिहिता लिहिता माझी मलाच पटेनात. आईंना उरलेत तीन दात, त्यांना कसला आलाय डॉक्टर. तेव्हा मुळापासून सांगते.

माझं काम नक्की काय, हे तुम्ही माझ्या लग्नात विचारलं होतंत आणि उत्तर यायच्या आत जेवायला निघून गेलात. त्यामुळे तुमच्या मते मी अजून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून गावभर फिरते. वन्सं, इतक्या वर्षांत मी त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. मागच्या महिन्यापर्यंत तरी नाही.

आमचं काम एका मोठ्या हॉलमध्ये चालतं. एका बाजूला फोन घेणारे बसतात. ते विचारतात, पत्ता काय, माणूस जागा आहे का, श्वास चालू आहे का. दुसऱ्या बाजूला गाड्या पाठवणारे. त्यांच्यासमोर शहराचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक गाडीचा ठिपका. मध्ये काचेची भिंत. जो ऐकतो तो पाठवत नाही आणि जो पाठवतो तो ऐकत नाही. तुम्हाला हे उफराटं वाटेल, पण ऐकणाऱ्याच्या हातात गाड्या दिल्या तर जो जास्त रडेल त्याच्याकडे मोठी गाडी जाईल, आणि मोठ्या गाड्या आमच्याकडे मोजक्याच. मोठ्या गाडीत डॉक्टर, श्वासाचं यंत्र, हृदयाला झटका देणारं यंत्र. छोटीत ऑक्सिजन, स्ट्रेचर, मोडलेले हातपाय बांधायच्या फळ्या आणि एक शिकलेला मदतनीस. जिथे गाडीच शिरत नाही अशा गल्ल्यांसाठी मोटारसायकल, तिच्या मागच्या पेटीत निम्मा दवाखाना कोंबलेला.

या गाड्या दवाखान्याच्या दारात उभ्या नसतात, हेही तुम्हाला ठाऊक नसेल. त्या पेट्रोल पंपावर, शाळेच्या फाटकाशी, पुलाखाली, अशा ठरलेल्या जागी उभ्या असतात. एक कामाला गेली की शेजारची थोडी सरकून तिची जागा झाकते. रोज सकाळी प्रत्येक गाडीतली प्रत्येक वस्तू हात लावून बघायची, ऑक्सिजन किती आहे, बॅटरी भरली का, चादर धुतलेली आहे का. या सगळ्यात माझं काम म्हणजे फोनवर नव्या येणाऱ्या मुलामुलींना शिकवणं. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य मी हेच सांगते: ओरडणाऱ्याला घाबरू नका, तो श्वास घेतोय. घाबरायचं ते शांत बोलणाऱ्याला.

आता जे तुमच्यापासून लपवलं ते. पाणी पिऊन घ्या.

शिकाऊ मुलांना सराव लागतो, आणि सरावाला फोन करणारे लागतात. त्यासाठी हॉलच्या मागे एक खोली आहे आणि तिला वेगळा नंबर, आम्ही तिला सरावाची लाइन म्हणतो. खऱ्या फोनांची वाट अडू नये म्हणून वेगळी. तिथे सगळं हॉलसारखंच, फक्त तिथून गाडी निघत नाही. 'पाठवा'चं बटण आहे, पण त्याला मागे वायरच नाही. आमचेच लोक बाहेरून फोन करून आजारी पडायचे, आणि फार वाईट पडायचे. आमचा हॉलचा प्रमुख, ज्याला सगळे ठाणेदार म्हणतात, तो तर हार्ट अटॅकसुद्धा हवामानाच्या बातमीसारखा सांगायचा. एकदा माझा घसा बसला होता. घरून फोन करायचा होता. मी आईंना म्हटलं, जरा दोन वाक्यं बोलता का, जिन्यावरून पडलात असं सांगायचंय.

वन्सं, तुमच्या आईंमध्ये हे सगळं इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं मला माहीत नाही. दोन वाक्यं सांगितली होती, त्या बराच वेळ कण्हत राहिल्या. मध्ये बेशुद्ध पडल्या. मग शुद्धीवर येऊन समोरच्या मुलाला म्हणाल्या, थांब, गॅसवर दूध आहे, आणि पुन्हा बेशुद्ध पडल्या. त्या मुलाने घामाघूम होऊन सुट्टी मागितली. फोन ठेवून आई मला म्हणाल्या, जमलं का गं? आणखी थोडं रडायला हवं होतं का?

तेव्हापासून जेवण झालं की त्या हात पुसत विचारतात, "आज मला काय झालंय?" विंचू चावून झाला, भाजून झालं, नातवाने नाणं गिळून झालं. नातू कुठला विचारू नका. सोमवारी मी घरी थांबून सोफ्यावरून सूचना देते. एरवी मी कचेरीतून नुसता आजार सांगते आणि बाकीचं त्या बघतात. वय विचारलं की प्रत्येक आजारात बेचाळीसच सांगतात, त्यात बदल करायला तयार नाहीत. मुलं त्यांना आजी म्हणतात. सराव संपला की फोनवरच कोण कुठे चुकलं ते आई सांगतात, आणि मग कोणाचं लग्न जमेना, कोणाचा घरमालक त्रास देतो, हे चालतं. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं की आपल्या पदाचं नाव काय. मी म्हटलं, कायमच्या रुग्ण. ते त्यांना आवडलं.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, म्हातारपणी माझ्या आईला कामाला जुंपलं, आणि तेही मरायच्या. दुसरं कारण जरा अवघड आहे. आई दुपारी एकट्या असतात हे मी तुम्हाला लिहिलं, ते धड खोटं नव्हतं आणि धड खरंही नव्हतं. मी दमले होते, वन्सं. माझ्या पाळ्या, तुमच्या दादांच्या पाळ्या, दोन खोल्या, आणि घरी आल्यावर पुन्हा कुणीतरी बोलणारं. मला वाटलं, थोडे दिवस घर शांत असावं. हे मी कुणाशीच बोलले नाही, आईंच्या काळजीचं नाव पुढे केलं. पण त्यांना पाठवायचं आमचं बोलणं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तुमचं होकाराचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ट्रंक पुसली आणि भरायला घेतली. एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी मात्र फोनवर असा दमा काढला की मुलं दोन दिवस त्याचंच बोलत होती.

आता टेबल जरा बरं आहे. पुढचं लिहिते.

सरावाच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला आम्ही कासव म्हणतो. बाकीची मुलं फोन लागला की धडाधड विचारायला लागतात. ही आधी गप्प राहते. समोरचा बोलतोय आणि ही नुसती ऐकते. मी तिला शंभरदा सांगितलं असेल, बाई गं, माणूस मरायला टेकलाय आणि तू काय विचार करतेस? ती म्हणायची, मॅडम, ऐकत होते. मी ठरवून टाकलं होतं की हिला गोदामात पाठवायचं, चादरी आणि सिलिंडर सांभाळायला. तिथे ऐकायला कुणी नसतं.

मागच्या महिन्यातला तो सोमवार. मी घरी, सोफ्यावर. आईंचे दोन आजार झाले होते, एक भाजल्याचा आणि एक साप चपलेत शिरल्याचा. तिसरा मी समजावून सांगत होते, आणि हातातला पेन पडला. उचलायला गेले तर हात जागचा हलेना. मी आईंना काहीतरी म्हणाले, पण तोंडातून नुसता चोथा बाहेर आला. सोफ्यावरून मी हळूच खाली घसरले आणि जमिनीवर टेकले.

आईंना वाटलं, मी करून दाखवते आहे.

वन्सं, त्यांनी अगदी मन लावून माझ्याकडे पाहिलं आणि तसंच तोंड वाकडं करून मला दाखवलं. मग हात लुळा सोडला. मग विचारलं, असं का? त्यांनी डावी बाजू वाकडी केली होती, माझी उजवी होती. तरी मी काही बोलले नाही. एकदा नाही, दोनदा त्यांनी चुकीचं केलं आणि मी चूक काढली नाही. तिथे त्यांना कळलं. त्या नंतर दवाखान्यात सगळ्यांना सांगत होत्या, सून चूक काढत नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालंय.

त्यांनी फोन उचलला आणि जो नंबर रोज लावतात तोच लावला. खरा नंबर तीन आकडी आहे, शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो, शहरभर भिंतींवर रंगवलेला आहे. पण आईंच्या बोटांना दुसराच पाठ होता. ज्या खोलीतून गाडी निघतच नाही, जिथल्या बटणाला वायर नाही, तिथे त्यांनी फोन केला. मला ते कळत होतं. माझी जीभ हलत नव्हती, पण डोकं चालू होतं. सरावात फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. मी घाबरले, वन्सं. इतकी वर्षं लोकांच्या घाबरण्यावर मी शिकवणी घेतली, आणि ते असं असतं हे मला माहीतच नव्हतं.

फोन कासवाने उचलला. मी मनात म्हटलं, संपलं.

आई बोलायला लागल्या. आधी घराचा पत्ता. चौथा मजला, लिफ्ट बंद आहे, दार उघडून ठेवलंय. सून जमिनीवर आहे. जागी आहे, श्वास नीट आहे. चेहऱ्याची उजवी बाजू उतरली आहे, उजवा हात उचलत नाही, बोलणं कळत नाही. आत्ताच झालंय, माझ्यासमोर. एवढं सगळं एका सुरात, भाजीची यादी सांगावी तसं. मागे कुणीतरी हसलं. एक मुलगा म्हणाला, आजी आज पाठ करून आल्यात.

कासव नेहमीप्रमाणे गप्प होती. आणि मी, काय सांगू तुम्हाला, जमिनीवर पडल्या पडल्या तिचे गुण कापत होते.

मग ती म्हणाली, "आजी, तुम्ही रडत का नाही?"

आई म्हणाल्या, "रडायला वेळ नाही, बाळ. गाडी पाठव."

खुर्ची पडल्याचा आवाज आला. पुढचं मला नंतर कळलं. कासव त्या खोलीतून पळत सुटली आणि थेट हॉलमध्ये घुसली, जिथे शिकाऊ मुलांना पाय ठेवायची बंदी आहे. काचेच्या भिंतीपलीकडे ठाणेदारासमोर जाऊन उभी राहिली आणि पत्ता सांगितला. ठाणेदार म्हणाला, ती सरावाची लाइन आहे, जागेवर जाऊन बस. ती म्हणाली, "सर, आजी रडत नाहीयेत."

या वाक्याचा अर्थ जगात दुसरीकडे कुठेच कुणाला लागला नसता. ठाणेदाराला लागला. त्याने पुढे एक अक्षर विचारलं नाही. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली मोठी गाडी निघाली आणि पुलाखालची सरकून तिच्या जागी गेली. सगळं मी शिकवते तसंच. फक्त मी ते फळ्यासमोर उभी राहून सांगत नव्हते, सोफ्याच्या पायाशी पडून होते.

तोवर तो हसलेला मुलगाच लाइनवर आला होता. त्याने आईंना सांगितलं की फोन ठेवू नका, मी इथेच आहे. आईंना एकदा सांगितलं की सांगितलं. गाडी आली का बघायला दारात गेल्या तरी फोन हातात, जिना उतरल्या तरी फोन हातात, गाडीत बसल्या तरी फोन हातात. पुढे दवाखान्यात बॅटरी संपली तेव्हाच तो बंद झाला, आणि तेव्हा त्या बंद फोनला म्हणाल्या, आता ठेवते हं.

लिफ्टबद्दल लिहायलाच हवं. तुमचे दादा शहरभर लिफ्ट दुरुस्त करत फिरतात आणि आमच्या इमारतीतली लिफ्ट ते 'रविवारी बघतो' म्हणतात. किती रविवार गेले ते मी मोजत नाही. त्या दिवशी ते कुठल्यातरी उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात होते, फोन लागत नव्हता. गाडीतल्या लोकांनी मला घडीच्या खुर्चीत बांधलं आणि चार मजले खाली नेलं. ही खुर्ची जिन्यासाठीच असते, तिला मागे पट्टे असतात, ती पायऱ्यांवरून घसरत उतरते. मीच मुलांना सांगते की ती अगदी आरामशीर आहे. यापुढे सांगणार नाही. प्रत्येक वळणावर माझं डोकं वाकायचं, आणि आई मागून ओरडायच्या, सावकाश, ती शिकवते तुम्हा लोकांना.

गाडीत आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी मागे आडवी. छताला सलाइन टांगायचा हुक, बाजूला यंत्रांची भिंत, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. चादर धुतलेली होती, हे मी पाहिलं. सायरन आतून वेगळा ऐकू येतो. बाहेरून वाटतं कुणीतरी धावतंय. आतून वाटतं, सगळ्यांनी थांबा, ही बाई चालली आहे. डॉक्टर तरुण होता, त्याचं प्रशिक्षण माझ्या वर्गाच्या शेजारच्याच खोलीत झालेलं. तो सारखा माझं बोट दाबायला सांगत होता. जवळचा दवाखाना सोडून आम्ही लांबच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, कारण डोक्याचा फोटो काढून लगेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच मिळतं. हे ठरवणारेही आमचेच लोक, काचेपलीकडचे.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आणलं. आणखी उशीर झाला असता तर बोलणं परत आलं नसतं. हे ऐकल्यावर आई रडल्या. आणि काय रडल्या, वन्सं. आधीचे सगळे विंचू, दमे, भाजणं एकत्र करा आणि त्याहून मोठं. वॉर्डमधली सिस्टर धावत आली, तिला वाटलं कुणीतरी गेलं. मला मात्र फार बरं वाटलं. म्हटलं, आता काही भीती नाही, आई ओरडतायत.

तर असं आहे. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिते आहे. फोन उचलत नव्हते कारण बरेच दिवस मी बोलले की ओल्या पिठासारखं बोलत होते, आणि तुम्हाला ते ऐकवायचं नव्हतं. तुमच्या दादांना आणि आईंनाही मीच तुम्हाला कळवू दिलं नाही. आता बोलणं पुष्कळ सुधारलंय. मी पुन्हा चुका काढते. पाय बरा आहे. उजवा हात यायचाय, येईल म्हणतात. तुमचे दादा सध्या घरी आहेत आणि लाजेने लिफ्ट दुरुस्त करतायत. रोज तिच्यातून नवीन आवाज येतो.

आई माझ्याकडून कपड्यांचे चिमटे दाबून घेतात. सकाळ-संध्याकाळ. दोरीवर लावायचे आणि काढायचे. चिमटा पडला की त्या उचलून देत नाहीत, मलाच उचलायला लावतात. मी कुरकुरले की म्हणतात, कासवाला फोन करून सांगू का, तुझ्या मॅडम अभ्यास करत नाहीत? कासव दर रविवारी येते. तिला मी गोदामात पाठवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मुलांनी आपण होऊन ठरवलंय की मी बरी होईपर्यंत सराव बंद. आई म्हणाल्या, बंद कशाला, मी आहे ना. पण त्यांनाही आता आजारी पडायला जमत नाही. परवा एकदा त्यांनी फोन लावला, दोन वेळा कण्हल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, खरं बघितलं ना, आता खोटं बरोबर येत नाही. मी म्हटलं, येईल, त्यालाही चिमटे लावू.

मग मी त्यांना विचारलं. खरं म्हणजे तुम्हाला महिन्याभरापूर्वी ते पत्र लिहायच्या आधी विचारायला हवं होतं. ट्रंक तिथेच कोपऱ्यात होती, वर त्यांची शाल घडी करून ठेवलेली.

"आई, तुम्हाला वन्संकडे जायचंय का?"

त्यांनी चिमट्यांची टोपली खाली ठेवली. म्हणाल्या, "आता विचारतेस होय? ट्रंक भरून झाल्यावर?"

मला रडू आलं. हल्ली मला लगेच येतं, डॉक्टर म्हणतात तो आजाराचा भाग आहे, पण हे आजाराचं नव्हतं. आईंनी पदर हातात घेतला. माझं तोंड पुसलं आणि चिमटे पुन्हा हातात दिले. तुम्ही आणि मी, वन्सं, दोघींनी मिळून दोन पत्रांत त्यांची सगळी व्यवस्था लावून टाकली. तुम्ही प्रेमाने लावली, मी थकून. पण घरात एक माणूस होतं, त्याला विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ट्रंक पलंगाखाली गेलेली आणि आईंची लुगडी कपाटात. चहा देताना त्यांनी सांगितलं, आणि मी शब्द न बदलता लिहिते: "तिला लिही की मी येईन. चांगली महिनाभर राहीन. पण पिशवी घेऊन येईन, ट्रंक घेऊन नाही. आणि आधी तुझा हात येऊ दे."

तेव्हा खिडकीजवळची खोली मोडू नका. त्या खोलीत आई पाहुण्या म्हणून येणार आहेत. त्यांना दुपारी फोन जवळ लागेल, तेवढी सोय करा. त्या तुमच्याकडून कुणाला फोन करून मरायला लागल्या तर घाबरू नका. त्या जोवर ओरडतायत तोवर सगळं ठीक आहे. गप्प झाल्या तर मात्र ताबडतोब मला कळवा.

तुम्हाला हे सगळं वाचून माझा राग येईल, तो येऊ द्या. फोन करून रागवा, आता उचलेन. वाक्य पुरं करू दिलं नाहीत तरी चालेल.

मागच्या पत्रात मी तुम्हाला विचारलं होतं की दुपारी घरात काही झालं तर कोण आहे. आई आहेत.

खालचे दोन शब्द मी उजव्या हाताने लिहिणार आहे. आई शेजारी येऊन बसल्यात. पेन मी धरलाय, मनगट त्यांनी धरलंय, आणि त्या आत्ताच सांगतायत की घाई करू नकोस, आपल्याला कुठे जायचंय. नीट वाचता आलं नाही तर समजून घ्या, ते दोघींचं अक्षर आहे.

तुमची
वहिनी